हिशेब विचारा : दुकानात दिलेला पैसा पुढे कुठे जातो?

घरखर्च लिहिताना रकमेशेजारी 'कोणाला दिले' असा आणखी एक रकाना आखा, असे मी गेल्या अंकात सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांतली बरीचशी छोट्या दुकानांविषयी आहेत. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते आहे.

ताई, तुमचा रकाना मी महिनाभर भरला. जवळजवळ सगळा पैसा दोन मोठ्या कंपन्यांकडे गेलेला दिसला. पण त्यात बिघडले काय? तिथे वस्तू स्वस्त मिळते, घरपोच येते, पसंत नसली तर परत जाते. जवळच्या छोट्या दुकानातून घेतले तर फायदा दुकानदाराचा. माझा काय?

प्रश्न रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही हिशेबानेच देते. माझी सगळी नोकरी छोट्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेली. वहीतली जमेची बाजू लवकर वाचून होते. खर्चाच्या बाजूला वेळ लागतो, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. छोट्या दुकानाच्या खर्चात बहुतेक नावे आसपासच्या माणसांची असतात. जागेचा मालक, हाताखालचा मुलगा, पाटी रंगवणारा, बिलबुके छापून देणारा, वायरिंग नीट करणारा, माल आणणारा टेम्पोवाला, आणि वर्षअखेरीला माझ्यासारखी हिशेब बघणारी. शेवटी उरतो तो नफा मालकाच्या घरात जातो. मालक जवळच राहत असेल तर तोही मुलाच्या शिकवणीवर, घराच्या डागडुजीवर, चष्म्यावर तिथल्या तिथेच खर्च होतो. साखळी दुकानाच्या शाखेत पगार, भाडे आणि वीज सोडली तर जाहिरात, हिशेब, वकील, संगणक, मालाची खरेदी ही सगळी कामे मुख्य कार्यालयाकडे असतात. नफा भागधारकांचा, आणि ते कुठेही असू शकतात.

हा फरक लोकांनी मोजलाही आहे. शिकागो शहरातल्या अँडरसनव्हिल या भागात २००४ मध्ये सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने दहा स्थानिक व्यवसायांची त्याच प्रकारच्या साखळी दुकानांशी तुलना केली. स्थानिक दुकानात खर्च झालेल्या दर १०० डॉलरमागे ६८ डॉलर शहराच्या अर्थव्यवहारात राहिले, साखळी दुकानात ४३. हा अभ्यास तिथल्याच विकास संस्थेने करवून घेतला होता आणि दुकाने दहाच होती, म्हणून ६८ हा आकडा दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लावू नका. मालाच्या स्वरूपाप्रमाणे तो बदलणारच. छोट्या दुकानातून घेतलेला मोबाइल लांबच्या कारखान्यातच बनलेला असतो आणि त्याच्या किमतीतला मोठा भाग तिकडेच जातो. चपलेचा तळ बदलून घेतला, पुस्तकाची बांधणी करून घेतली, कपडा शिवून घेतला, तर जवळजवळ सगळी रक्कम समोरच्या माणसाच्या हातात पडते. छोट्यांकडे नेमके काय घ्यायचे हे ठरवताना मला हा फरक फार उपयोगी वाटतो.

लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने हे मोजण्याची 'एलएम३' नावाची सोपी रीत काढली आहे. त्यात पैशाचे तीन टप्पे बघतात. तुम्ही दिलेली रक्कम हा पहिला. ती घेणाऱ्याने आपल्या परिसरात किती खर्च केली हा दुसरा. त्याच्याकडून ज्यांना मिळाली त्यांनी पुन्हा परिसरात किती खर्च केली हा तिसरा. तुमच्या रकान्यात पहिला टप्पा आलाच आहे. नेहमीच्या एखाद्या दुकानदाराला सहज विचारा की बिलबुके कोण छापून देतो, माल कोण आणतो. दुसरा टप्पाही कळू लागेल.

आता 'माझा काय' याकडे येते. तुमच्या घरात जो पैसा येतो तो कोणाच्या तरी खर्चातूनच येतो. तुम्ही शिकवण्या घेत असाल, दवाखाना चालवत असाल, छापखान्यात नोकरीला असाल, तर तुम्हाला पैसे देणाऱ्यांत हे दुकानदार आणि त्यांच्याकडे काम करणारी माणसे आहेत. त्यांचा गल्ला आटला की त्याची झळ तुमच्यापर्यंत पोहोचते. लगेच नाही, पण पोहोचते.

स्वस्ताईविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे माणसे फसतात. मोठे दुकान सगळेच स्वस्त विकत नाही. ज्या मोजक्या वस्तूंचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात, त्यांचे भाव ते मुद्दाम पाडते, कधी खरेदीच्या किमतीखालीही. गिऱ्हाईक तेवढ्यासाठी आत येते आणि उरलेली यादी त्याच छताखाली पुरी करते, भाव न बघता. फ्रान्समध्ये १९६३ पासून खरेदीपेक्षा कमी भावात माल पुन्हा विकायला कायद्याने मनाई आहे; सवलतींच्या हंगामासारखे काही अपवाद आहेत. तेव्हा एका वस्तूचा भाव घेऊन तुलना करू नका. महिन्याची संपूर्ण यादी घ्या, तिचे दोन्हीकडचे भाव लिहा आणि मग बोला. काही घरांत मोठे दुकान खरोखर स्वस्त निघेल. काहींत फरक इतका लहान निघेल की जाण्यायेण्याचा खर्चही त्यातून सुटणार नाही.

शिवाय, न घेतलेल्या वस्तूंची बचत यादीत दिसतच नाही. नळाचा वॉशर बदलायचा असतो. जुना वॉशर खिशात घालून तुम्ही हार्डवेअरच्या दुकानात जाता. दुकानदार तो बोटांत फिरवून बघतो आणि म्हणतो, "वॉशर ठीक आहे हो, नळाची बैठक झिजली असेल, आधी ती बघा." किंवा तीन स्क्रू लागत असतील तर तीनच देतो, पन्नासाचे पाकीट गळ्यात मारत नाही. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी गिऱ्हाइकाने आपल्या हाताने फळीवरून माल उचलायचा, असे दुकान काढले. त्याआधी माल काउंटरपलीकडून मागूनच घ्यावा लागे. नव्या पद्धतीने नोकरांचा खर्च वाचला, भाव खाली आले आणि ती जगभर पसरली. पण 'कशासाठी हवंय?' असे विचारणारे माणूस मधून गेले. त्या एका प्रश्नाने वाचलेला पैसा मी दुकानदारांच्या नाही, गिऱ्हाइकांच्या घरखर्चात पाहिला आहे. कोणत्याही जाहिरातीत तो येत नाही.

सगळे छोट्यांकडूनच घ्या, असे मी म्हणणार नाही. मोठे यंत्र घेताना भावात आणि हमीत खरा फरक असेल तर जिथे बरे पडेल तिथे घ्या. दुरुस्ती, सल्ला, मोजमाप, सुटे भाग, थोडक्यात घ्यायचा माल, अंगाला बसवून घ्यायच्या वस्तू, हे मात्र छोट्यांकडून घेण्यात तुमचे नुकसान नाही. त्यांचे दुकान चालते तेही याच रोजच्या साध्या खरेदीवर. दया म्हणून वर्षातून एकदा काही घेतले तर दुकानाचे भाडेसुद्धा निघत नाही.

वडील एकटे राहतात. मी दुसऱ्या शहरात. त्यांना लागणारी प्रत्येक वस्तू मी इथून मागवून घरपोच पाठवू शकते, पण ते हट्टाने दुकानात चालत जातात. एक पेन आणायलासुद्धा अर्धा तास घालवतात. पडले तर काय, या काळजीने मला झोप लागत नाही. त्यांना कसे थांबवू?

थांबवू नका. तुमची काळजी समजते, आणि पायांत तोल उरलेला नसेल तर गोष्ट वेगळी. पण नुसते वय झाले म्हणून थांबवत असाल तर आधी शिकागोचीच आणखी एक हकिकत वाचा.

१९९५ च्या जुलैमध्ये तिथे उष्णतेची भयंकर लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या मोठी होती. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांचा अभ्यास केला. उष्णता तीच. गरीब वृद्धांचे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाणही साधारण सारखे. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण लाखामागे ४० होते आणि साउथ लॉनडेलमध्ये ४. पहिल्या वस्तीतले उद्योग आणि दुकाने आधीच्या काही दशकांत बंद पडली होती, जागा ओसाड पडल्या होत्या, गुन्हेगारीमुळे म्हातारी माणसे दार लावून आत बसत. दुसऱ्या वस्तीत रस्ते दुकानांनी आणि माणसांनी गजबजलेले होते. म्हाताऱ्यांना रोज बाहेर पडायला कारण होते, वाटेत ओळखीचे चेहरे होते आणि सावलीत, गारव्यात घटकाभर बसायला दुकाने होती. दुकाने हे एकमेव कारण नव्हते, क्लिनेनबर्गही तसे म्हणत नाहीत. पण ज्या रस्त्यावर उघडी दुकाने आहेत तिथे आजारी, थकलेले माणूस कोणाच्या तरी नजरेला पडते.

न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये आपल्या रस्त्याविषयी लिहिताना एक साधी गोष्ट नोंदवली आहे. आपण घरी नसताना पाहुणे येणार असले की तिथले लोक घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवत. दुकानदार विश्वासाचा, दुकान बराच वेळ उघडे, आणि किल्ली ठेवली म्हणून तो कोणाच्या खासगी गोष्टींत नाक खुपसत नसे. तुमच्या वडिलांना तो अर्धा तास असेच काहीतरी देत असणार.

तेव्हा पुढच्या वेळी घरी गेलात की त्यांच्याबरोबर त्यांच्या सगळ्या दुकानांत जाऊन या. ओळख करून घ्या. वडिलांची हरकत नसेल तर एक-दोघांना तुमचा फोन नंबर द्या आणि सांगा, "बाबा चार दिवस दिसले नाहीत तर मला एक फोन करा." हे सांगायला कोणताही दुकानदार पैसे मागत नाही. जड सामान आणि औषधांची मोठी खोकी घरपोच मागवा, त्याने पायांवरचा भार कमी होईल. पेन त्यांना आणू द्या.

दुकानात चपला पायात घालून बघायच्या, माप ठरवायचे आणि मग फोनवरून दुसरीकडे मागवायच्या. माझे सगळे मित्र असेच करतात. यात गैर आहे का? (वय १९)

हो, आहे. पाय मोजणाऱ्याने आपला वेळ दिला, सहा खोकी उघडून पुन्हा रचली, ती जागा भाड्याने घेतली. फोनवरचा भाव कमी दिसतो तो हा खर्च दुसऱ्याने उचलला म्हणूनही. आवडलेली चप्पल तिथे महाग वाटली तर सरळ विचार, "दुसरीकडे इतक्याला मिळतेय, तुम्हाला काय परवडेल?" दुकानदार कधी थोडा उतरेल, कधी नाही म्हणेल. नाही म्हणाला आणि फरक तुला झेपणार नसेल तर दुसरीकडून घे, त्यात चोरी नाही. पण विचारायच्या आधीच मनात ठरवून त्याचा वेळ घेऊ नकोस. नुसते बघायचेच असेल तर आत शिरताना तसे सांग.

आमच्याजवळचा दुकानदार बिल देत नाही, विकलेला माल परत घेत नाही आणि प्रश्न विचारला तर तोऱ्यात बोलतो. छोटा आहे म्हणून सहन करायचे का?

मुळीच नाही. छोटेपणा हा काही गुण नव्हे. बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. बिल न देणारा कर चुकवत असेल तर ज्या परिसराच्या भल्यासाठी तुम्ही त्याच्याकडे जाता, त्याच परिसराच्या रस्त्यांचे आणि शाळांचे तो नुकसान करतो. एकदा शांतपणे बिल मागा. दुसऱ्यांदाही मिळाले नाही तर दुसरे छोटे दुकान शोधा. असते बहुतेक वेळा, जरा पुढच्या चौकात.

आणखी एक गोष्ट मनात खुपते म्हणून लिहिते. मोठ्या कंपन्या सरासरीने छोट्यांपेक्षा जास्त पगार देतात, हे अनेक देशांत वारंवार दिसलेले आहे. छोट्या दुकानातल्या नोकराला सुट्टी, वेळेवर पगार, आजारपणात आधार मिळेलच असे नाही. मी तपासलेल्या वह्यांत दोन्ही प्रकारचे मालक होते. काही मालक स्वतःची रक्कम उचलायच्या आधी नोकराचा पगार काढत. काहींच्या वहीत नोकराचे नावही नसे. तुम्ही नेहमीचे गिऱ्हाईक असाल तर कोण कसा वागवतो हे तुम्हाला काउंटरवरूनच कळते. तोच मुलगा वर्षानुवर्षे त्या दुकानात दिसतो का, की दर दोन महिन्यांनी नवा चेहरा, एवढे पाहिले तरी बरेच समजते. अशी निवड मोठ्या दुकानात करताच येत नाही, कारण मालक तिथे नसतोच.

मी एका शैक्षणिक संस्थेची चिटणीस आहे. वह्या, फर्निचर, दुरुस्ती, छपाई असा बराच खर्च होतो आणि सोयीसाठी आम्ही सगळे एकाच मोठ्या पुरवठादाराला देतो. व्यक्ती म्हणून मी जवळच्या दुकानांत खरेदी करते, पण संस्थेच्या खर्चापुढे ती रक्कम अगदीच किरकोळ वाटते. संस्थेने काय करावे?

या पत्राने मला फार आनंद झाला, कारण दहा घरांनी वर्षभर केलेली खरेदी तुमच्या एका ठरावाच्या बरोबरीची असू शकते.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराचे उदाहरण तुमच्या कार्यकारिणीपुढे ठेवा. तिथे एका भव्य व्यापारी संकुलाची योजना आखली होती. मोठा भिडू बाजूला झाला आणि २०११ मध्ये ती कोसळली. बाहेरून कोणी येऊन शहराचे भले करील ही आशा मावळल्यावर नगर परिषदेने जे हाताशी होते त्याचा हिशेब मांडला. नगर परिषद, काउंटी परिषद, पोलीस दल, एक गृहनिर्माण संस्था आणि दोन महाविद्यालये अशा सहा संस्थांची खरेदी कुठे जाते ते तपासले. २०१२-१३ मध्ये त्यातली जेमतेम ५ टक्के शहरात होत होती. २०१६-१७ पर्यंत ती सुमारे १८ टक्क्यांवर गेली. त्यासाठी कोणी नवा पैसा ओतला नाही. जो खर्च होणारच होता त्याचीच वाट बदलली. एक महत्त्वाचा उपाय म्हणजे मोठ्या कंत्राटांचे लहान तुकडे करणे, म्हणजे छोट्या व्यवसायांनाही निविदा भरता येते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. छपाई, सुतारकाम, विद्युत दुरुस्ती, लेखनसाहित्य यांची मागणी वेगवेगळी काढा. निविदेच्या अटी वाचा. अमुक इतकी वार्षिक उलाढाल हवी, अमुक रक्कम अनामत हवी, या अटींनीच छोटा माणूस दारातून परत जातो. कामाला खरोखर लागतील तेवढ्याच अटी ठेवा. दर्जा आणि भाव यांत मात्र सूट देऊ नका. डगमगणारे बाक जवळच्या सुताराने बनवले म्हणून मुलांना त्यावर बसवायचे नाही.

आणि पैसे वेळेवर द्या. हे मी शक्य असते तर ठळक अक्षरांत छापायला सांगितले असते. मी बंद पडताना पाहिलेल्या व्यवसायांत तोट्यात असलेले होतेच, पण वहीत नफा दाखवणारेही बरेच होते. माल दिलेला, बिल लावलेले, आणि रक्कम चार-चार महिने संस्थांकडे अडकलेली. मोठ्या पुरवठादाराला तेवढ्यासाठी बँक कर्ज देते. छोट्याला तोवर घाऊक व्यापाऱ्याचे पैसे चुकवायचे असतात, ते तो चढ्या व्याजाने आणतो आणि त्या कामातला सगळा नफा व्याजात जातो. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात सरकारी संस्थांनी साधारणपणे ३० दिवसांत देणी चुकती करावीत असे घातले, ते याच अनुभवातून. तुमच्या संस्थेत बिल कोणाच्या टेबलावर किती दिवस थांबते, याची तारीखवार नोंद एका महिन्यासाठी ठेवून बघा. बहुधा एखाद्या सहीपाशी ते अडकत असेल. ती सही कोणी दिली नाही तर तिच्याऐवजी कोणाची चालेल, एवढा एक ठराव पुढच्या सभेत मांडा. छोटी कामे छोट्यांकडे वळवण्याआधी तो मंजूर करून घ्या, नाहीतर तुमच्या चांगल्या हेतूने त्यांचेच भांडवल अडकून बसेल. ठरावाचा मसुदा करताना अडचण आली तर मला लिहा, मी तपासून देईन.